सामानाची वही

रात्री पावणेबाराला मर्डो स्ट्रॅकन आला
बहिणीच्या गाडीतून,
एक बूट पायात, एक हातात.
उत्तर समुद्राचा वारा असा सुटलेला
की दार लावायला आम्ही दोघं लागलो.
मी वही उघडली.
डॉक्टर सकाळी. आधी वही.

बुटांच्या नाड्या, ठेवून घेतल्या.
पट्टा, ठेवून घेतला.
आफ्टरशेव्हची अर्धी बाटली.
"हेही?"
हेही, म्हटलं. लोक पितात.
अकरा वर्षांपूर्वीच्या वहीत माझंही एक पान आहे,
त्यावर आफ्टरशेव्हची बाटली आहे, रिकामी.
हे मी त्याला सांगितलं नाही.

खिशात चौदा पौंड,
जाळं विणायची लाकडी सुई,
मुलीच्या शाळेचं पत्र, न फोडलेलं.
सुईला टोक होतं, म्हणून तीही कपाटात.
त्याने सही केली. सही कसली,
लाटेवरच्या होडीत कुणी पेन टेकवावं, तसं काहीतरी.

लोक फोनवर विचारतात, तुमच्याकडे काय काय सोयी आहेत?
मी पत्रकातलं वाचून दाखवतो:
चोवीस तास देखरेख, औषधोपचार, समुपदेशन,
घरच्यांसाठी दर बुधवारी बैठक.
पत्रकात हे नाही
की बादली निळी देतो, पांढरीत फार दिसतं.
की दर चार तासांनी उठवून म्हणतो, हात पुढे कर,
आणि ताणलेल्या बोटांवर कागद ठेवून
तो किती फडफडतो ते बघतो.
की घामाने भिजलेली चादर रात्रीत तीनदा बदलतो
आणि चौथ्यांदा बदलताना ब्र काढत नाही.

दुसऱ्या रात्री भिंतीतून मासे निघू लागले.
"हॅडॉक," तो म्हणाला, धंद्यातल्या माणसाच्या खात्रीने,
"बारके आहेत. परत सोडायला हवेत."
नर्स बियाटाने डॉक्टरांना फोन लावला,
औषध वाढवून दिलं, दंडात जीवनसत्त्वाची सुई टोचली.
मी खिडकी उघडली
आणि ओंजळ भरभरून मासे बाहेर सोडले.
तो मोजत होता.
एकशे बारावर झोपला.

चौथ्या संध्याकाळी मात्र समोर येऊन उभा राहिला.
"माझं सामान. आत्ता."
दाराला कुलूप नाही इथे. जायचं त्याने जावं.
वरच्या फळीवर इनेसची पिशवी आहे,
तो असाच गेला, गेल्या हिवाळ्यात.
पिशवी न्यायला कुणी आलं नाही.
मी वही उघडली, नाड्या काढून दिल्या.

एका बुटाला चौदा भोकं.
नाडीचं टोक भोकापाशी जाई, बिचकून मागे येई.
ज्या हातांनी डोळे मिटून गाठी मारल्या,
बर्फाने कडक झालेले दोर सोडवले,
ते हात.
पहिला बूट झाला तेव्हा नऊ वाजले होते.
दुसरा अर्धा झाला तेव्हा
बंदराकडची शेवटची बस खिडकीसमोरून गेली.
त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
एका शिवीत मला, बसला आणि देवाला बसवलं,
आणि एक बूट घालूनच खोलीत गेला.

मला बसची वेळ ठाऊक होती.
मी हात लावला असता तर पाच मिनिटांचं काम.
नाही लावला.
हे कोणत्या सेवेत बसतं,
पत्रकात शोधून पाहिलं मी.

नवव्या दिवशी त्याने पत्र मागितलं. फक्त पत्र.
"तूच वाच."
मुलीची सहल, बेटावर, समुद्रपक्षी बघायला.
पालकांची संमती, मार्चच्या सहा तारखेपर्यंत.
बाहेर सप्टेंबर होता.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग पेन मागून ठिपक्यांच्या ओळीवर सही केली,
हळू, एकेक अक्षर,
आणि नाव वाचता येत होतं.

पत्र पाकिटात, पाकीट कपाटात.
मी वही काढली,
त्याच्या पानावरचा एक "न" खोडला.